मास्तर सांगतो का?

जळगावच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. जगभरच्या जुन्या, जाडजूड, मराठीत आलेल्या कादंबऱ्या हा माझा आवडीचा विषय. 'अपराधाची जाणीव', 'ध्येयवाद', 'माणसाचं नैतिक पतन' असे मथळे मी फळ्यावर लिहिते, मुलं ते उतरवून घेतात आणि परीक्षेत जसेच्या तसे मला परत करतात. या मथळ्यांचा पापडांशी काही संबंध आहे असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सासर धरणगावचं. सुट्टी लागली की मी तिकडे जाते, आणि तिकडे उन्हाळा म्हणजे उडदाचे पापड. आमच्या गल्लीत कोणी एकटीने पापड करत नाही. आज आमच्याकडे, उद्या समोरच्या घरी, परवा तिच्या शेजारी. प्रत्येकीने आपलं पोळपाट-लाटणं काखेत मारून जायचं आणि त्या घरचा गोळा संपवूनच उठायचं. मला लाटता येत नाही. माझा पापड मधे जाड राहतो, कडेला फाटतो आणि उचलायला गेलं की पोळपाट सोडत नाही. लग्नानंतर काही वर्षं बायकांनी हे निमूट सोसलं. मग एकदा समोरच्या वहिनींनी माझ्या हातातलं लाटणं सरळ काढून घेतलं आणि म्हणाल्या, मॅडम, तुम्ही आपलं काहीतरी वाचून दाखवा. हात तेलाचे असतात, मोबाइलला बोट लावता येत नाही, सगळ्यांच्या मालिका बुडतात. मला अपमान वाटला. पण तेलकट लाट्यांपेक्षा पुस्तक बरं, म्हणून मी बसले.

पिशवीत एक परदेशी कादंबरी होती. त्यातला नायक खेड्यात शाळा काढणारा मास्तर. खरं बोला, खरं जगा, असं मुलांना शिकवणारा. एका संध्याकाळी त्याच्याच हातचा दिवा लवंडतो आणि शाळेची धान्याची कोठी जळते. आळ येतो राखणदारावर. आपण बोललो तर शाळा मोडेल, म्हणून मास्तर गप्प बसतो आणि राखणदाराला गाव सोडावं लागतं. पुढची सगळी पानं त्या गप्प बसण्याची आहेत.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी बायका म्हणतील, जरा हलकंफुलकं आणा. पण त्यांनी मास्तरला गल्लीतच राहायला आणलं. तो चांगलं वागला की 'आपला मास्तर', वाईट वागला की 'तुमचा तो मास्तर', म्हणजे माझा. कोठी जळाली त्या दिवशी वहिनींनी इतक्या रागाने लाटलं की पापड पोळपाटाबाहेर गेला. माझ्या वर्गात इतकं जीव लावून कोणी ऐकत नाही, आणि मी त्या बायकांवर अगदी खूश होते.

त्या संतापात एकटी माझी सासू मास्तरच्या बाजूने बोलली. गल्ली तिला अक्का म्हणते, मी आई म्हणते. तिचं म्हणणं, शाळा बंद पडली असती तर पोरांनी कुठे जायचं? वहिनी म्हणाल्या, अक्का, तुम्ही पण ना. आईने पुढची लाटी घेतली.

पापडांची फेरी कोपऱ्यावरच्या घराशी आली की वळसा घालून पुढे जाते, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. तिथल्या काकू कधी कोणाकडे लाटायला दिसत नसत. मी कारण विचारलं, तर वहिनींनी आवाज खाली आणून सांगितलं. माझ्या लग्नाच्या आधी एका वर्षी आमच्याच घरचे सगळे पापड बिघडले होते. तळले की लालभडक, चवीला कडू. त्या दिवशी पीठ काकूंनी मळलं होतं. कोणीतरी म्हणालं, तिचा हात मानवत नाही. मग पापडाला बोलावणं बंद झालं, मग लोणच्याला, आणि पुढे लग्नघरात हळदीच्या वाटीलाही कोणी त्यांचा हात लागू देईना.

माझं डोकंच सणकलं. शिकलेल्या बायका तुम्ही, पिठाला हात बाधतो म्हणता, असं मी चांगलं दहा मिनिटं झाडलं. वहिनी मान खाली घालून लाटत राहिल्या. आई म्हणाली, पुढे वाच.

त्यानंतर तिने माझी पाठ सोडली नाही. सकाळी चहा गाळताना, दुपारी बाजेवर पापड पसरताना, एकच प्रश्न.

"मास्तर सांगस का शेवटले?"

मी कादंबरीची मास्तरीण. शेवट आधी सांगितला तर वाचायचं कशाला, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. तिला गोष्टीची गोडी लागली, या आनंदात मी होते. तिसऱ्या की चौथ्या वेळी विचारताना तिचा आवाज फाटला, तेव्हा कुठे मी हातातला कप खाली ठेवला.

मग तिने सगळं सांगितलं. पापडात खार, म्हणजे पापडखार, किती घालायचा हे गल्लीत तिच्याइतकं कोणाला कळत नाही. नव्या सुना खाराचं माप तिच्याकडूनच घेऊन जातात, आणि याचा तिला फार अभिमान. पापड बिघडले त्या वर्षी तिने उकळत्या पाण्यात खार टाकला, तेवढ्यात तेव्हा पुण्यात असलेल्या मुलाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा फोन आला. बोलून परत आली आणि आधीचं विसरून पुन्हा तेवढाच खार टाकला. त्याच पाण्यात काकूंनी पीठ मळलं. पहिला पापड तळताच आपलं काय चुकलं ते तिला उमगलं होतं. पण ती तोंड उघडायच्या आत कोणीतरी हाताचं बोलून गेलं होतं आणि सगळ्या माना हलल्या होत्या. उद्या सांगू म्हणाली. पापडाचीच तर गोष्ट, विसरतील म्हणाली. कोणी विसरलं नाही, आणि दरवर्षी सांगणं अवघड होत गेलं. कोपऱ्यावरून जायचं नको म्हणून ती बाजारालाही मागच्या गल्लीने जाते, हे मला तेव्हा समजलं.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. पदराने कपाळ पुसत ती बसली होती, आणि मला तिची माया आली, एवढंच खरं. पण शेवट लपवणं आता मला बरं वाटेना. मी सांगून टाकलं की मास्तर सांगत नाही. म्हातारा होतो, सत्कार होतात, तो रात्र रात्र जागतो, आणि न सांगताच मरतो.

आईने बाजेवरचे पापड उलटले.

"मंग इतलं जाड पुस्तक कसाले लिखं त्यानी?"

फळ्यावरचा एकही मथळा कामाला येईना.

दुसऱ्या दिवशी पापड समोरच्या वहिनींकडे होते. आई पोळपाट-लाटणं घेऊन निघाली आणि वहिनींचं दार ओलांडून तशीच पुढे गेली. वहिनी मागून हाक मारत आल्या, त्यांच्या मागे बाकीच्या, आणि सगळ्यांच्या शेवटी पुस्तक छातीशी धरून मी. कोपऱ्यावरच्या काकू ओट्यावर उडदाचं पीठ चाळत होत्या. त्या दरवर्षी एकट्याच पापड करत, दार लावून. आज आतल्या उकाड्याने तेवढ्या बाहेर बसल्या होत्या. इतक्या जणी पाहून त्यांचा हात थांबला.

आईने लाटणं खाली ठेवलं नाही. उभ्यानेच, गल्लीला ऐकू जाईल असं बोलली.

"त्या वरीसले खार मीच दोनदा टाका व्हता. तुना हातले काही दोष नही व्हता. माले बठ्ठं माहीत व्हतं, तरी मी सांगं नही."

वहिनींनी तोंडावर हात धरला. काकू रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पुतणीच्या लग्नाचं तेवढं बोलल्या. हळदीची वाटी त्यांच्या हातातून कोणीतरी हळूच काढून घेतली होती, आणि अक्का, तू तिथेच उभी होतीस, असं शांतपणे म्हणाल्या. आई म्हणाली, हो, होते. मग काकू चाळण ठेवून आत निघून गेल्या.

आम्ही ओट्याखाली उन्हात तशाच उभ्या. परत फिरावं असं मला वाटत होतं, पण आई हलेना, म्हणून कोणीच हललं नाही. आतून भांड्यांचे आवाज येत होते. खूप वेळाने काकू दारात आल्या. हातात खाराची पुडी होती. ती त्यांनी आईपुढे धरली.

"पानी तापी ऱ्हायनं. खार तूच टाक. पन एकदाच."

आधी वहिनी हसल्या, मग सगळ्या. आई मात्र पुडी धरून हमसून हमसून रडली. काकूंनी तिला दंडाला धरून आत नेलं.

खार आईने टाकला, पीठ काकूंनी मळलं, सगळ्यांच्या देखत. मळून झाल्यावर कच्ची लाटी तेलात बुडवून त्यांनी पहिली आईच्या हातावर ठेवली, आणि आईने ती सगळ्यांपुढे खाल्ली. गोळा मुरायला ठेवला, तेव्हा काकूंचं लक्ष माझ्या हातातल्या पुस्तकाकडे गेलं. वहिनी घाईघाईने आतापर्यंतची गोष्ट सांगायला लागल्या. दिवा, कोठी, राखणदार. काकूंनी त्यांना थांबवलं.

"पयलेपाईन वाच," त्या मला म्हणाल्या.

मी आईकडे पाहिलं. सगळं परत ऐकावं लागणार होतं तिला, काकूंच्या मांडीला मांडी लावून. तिने डोळे पुसले आणि मान हलवली. मी खूण काढली, मागे आले, पहिलं पान उघडलं. तिथे मास्तर अजून तरुण होता, आणि त्याच्या हातून काहीच घडलेलं नव्हतं.