आधीचा गवंडी

धुळ्यात आम्ही एक जुनं घर विकत घेतलं. वर्षभरातच मधल्या खोलीचा गिलावा फुगला, तेव्हा शेजारच्या नानांनी एका मिस्त्रींना पाठवलं. तापीच्या वाळूतलं टरबूज पारखावं तसे ते बोटानं भिंत वाजवत आणि डोळे मिटून ऐकत. पोकळ आवाज आला की तिथे खडूनं गोल काढत.

घरी आलेला प्रत्येक गवंडी आधीच्या गवंड्याला शिव्या घालूनच कामाला लागतो. हे मात्र गप्प. शेवटी मीच म्हणाले, "कुठल्या गाढवानं केलं होतं हे?"

त्यांनी पुढचा गोल काढला. दुपारी पहिला पोपडा सुटून हातात आला. त्याच्या पाठीला विटांची कोरडी धूळ चिकटली होती. ती बोटावर घेऊन त्यांनी पाहिली आणि पोपडा माझ्यापुढे धरला.

"अक्का, हाई मन्हंच काम शे. पहिला मालकले घाई व्हती, मी बी घाई करी. भीतले पानी कमी पडनं."

मी गाढव म्हटलं ते त्यांनाच; मला कुठे बघावं कळेना. त्यांनी बादली भरली आणि विटा पाणी पिईनाशा होईपर्यंत ते उघड्या भिंतीवर पाणी मारत राहिले.

काम संपल्यावरही आठवडाभर ते रोज सकाळी दारात सायकल थांबवून ओरडायचे, "अक्का, भीतले पानी दिनं का?"

परवा मैत्रिणीनं विचारलं, मिस्त्री भरवशाचे आहेत ना?

"डोळे मिटून बोलाव," मी म्हटलं. "आमची भिंत आधी त्यांनीच बिघडवली होती."