दादाचा झार

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या दुकानात माझ्यासमोर एक शिलाई मशीन उघडी पडली होती. मी ती जोडली, गिऱ्हाइकाला दिली आणि मग निघाले. त्याला आता दीड महिना झाला. लोक विचारतात, रडलीस का? नाही रडले.

दादा माझा थोरला भाऊ, कॉलेजात इतिहास शिकवायचा. पण आधी घरात अप्पांचं, आमच्या वडिलांचं राज्य होतं. ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मनानं मोकळे. कुठलीही गोष्ट ठरवायची तर घरातल्या प्रत्येकाचं मत घ्यायचे, माझंही. मला स्कूटर त्यांनी शिकवली, पॉलिटेक्निकला त्यांनीच घातलं. "हिला पान्हा धरता येतो, तुला साधा खिळा ठोकता येत नाही," असं दादाला चिडवायचे. एका संध्याकाळी माझं प्रॅक्टिकल लांबलं, म्हणून ते मला आणायला निघाले आणि वाटेत ट्रकखाली गेले...

तेरावं झालं आणि चोवीस वर्षांच्या दादानं कारभार हातात घेतला. स्कूटर विकली. मतं विचारणं बंद. माझं पॉलिटेक्निकही बंद. मी भांडले तेव्हा एवढंच म्हणाला, "अप्पांनी मोकळीक दिली. काय झालं बघितलंस ना?" पुढे माझं लग्न लावून दिलं. मशीन दुरुस्ती मी चाळिशीत, नवऱ्याच्या दुकानात बसून शिकले. चांगली जमते. पण मला शिकायचं होतं ते हे नव्हतं.

आमच्या बडोद्यात मराठी घरांतही आता गुजरात्यांसारखं बेसणं ठेवतात, तसं दादाचंही ठेवलं. सकाळी पांढऱ्या कपड्यांत बसायचं, लोक येऊन हात जोडून जातात. दादाचे विद्यार्थी पुष्कळ आले. त्यातली एक गुजराती बाई, आता स्वतः शिक्षिका, माझ्या शेजारी टेकली.

"सर बहु सरस भणावता, फार छान शिकवायचे! त्यांचा झारवाला तास तर कोणी चुकवायचं नाही."

"कुठला झार?" मी विचारलं.

तिनं उत्साहानं सांगितलं. रशियात एक झार सुधारणा करणारा होता, त्यानं भूदासांना मोकळं केलं. त्याच्यावर बॉम्ब टाकून त्याला मारलं. मुलगा गादीवर आला आणि बापानं केलेलं एकेक उलटवत गेला. विद्यापीठांचे अधिकार काढले, बायकांच्या उच्च शिक्षणाचे वर्ग बंद पाडले, स्वयंपाकिणींच्या, धोबिणींच्या मुलांना चांगल्या शाळांबाहेर ठेवायला सांगितलं.

"आणि शेवटी सर म्हणायचे, तो दुष्ट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेला माणूस आधी त्यांचीच दारं लावतो, ज्यांनी काहीच केलेलं नसतं. हे बोलताना सरांचा आवाज बसायचा. आम्हाला वाटायचं, काय तन्मयता!"

मी तिला पाणी आणून दिलं. तीस वर्षं, दर वर्षी नवा वर्ग... त्या सगळ्या पोरांना सांगितलं. मी दर रविवारी त्याच्यासमोर बसून चहा प्यायचे, तिथे मात्र अवाक्षर नाही. 'चुकलो' म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं 'तुझं ते पॉलिटेक्निक...' एवढं म्हणाला असता तरी पुढचं मी समजून घेतलं असतं. चोवीस वर्षांच्या पोराची भीती मला कळते. पण त्याला सगळं कळल्यावरही त्यानं दार तसंच लावून ठेवलं, याला मी भीती म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेले होते. त्या आता एकट्याच असतात. बोलता बोलता अंधारलं. सात वाजले तशा त्या उठल्या आणि बाहेरच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप घातलं. दिवेलागणीनंतर घरातल्या बाईनं बाहेर पडायचं नाही, हाही दादाचाच नियम.

"वहिनी, मला घरी जायचंय."

"आता? सकाळी जा, वन्सं. ह्यांना चालत नाही."

"अहो, दादा आहे कुठे आता?"

त्यांनी किल्ली कमरेला खोचली आणि माझ्या वाटणीचे तांदूळ धुवायला घेतले.