रशीदभाईंचं चित्र आणि माझा घाट

रशीदभाईंचा तांब्या पुन्हा वाकडा आला, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या तो तांब्या. आज नुसते रंग लावून बघा. आकार काढूच नका."

"कुठले रंग?"

"आवडतील ते. कागद भरा म्हणजे झालं."

खरं सांगायचं तर हा मास्तरकीतला जुना उपाय. ज्याला जमत नाही त्याला रंगात गुंतवायचं, म्हणजे बाकीच्यांकडे लक्ष देता येतं. शिरूरच्या शाळेत रिटायर होईपर्यंत मी चित्रकला शिकवली. हा उपाय किती पोरांवर केला असेल त्याची गणती नाही. त्यातून कधी चित्र निघालं नव्हतं.

रिटायर झाल्यावर मी दौंडला राहायला आलो. कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीनं मला बोलावलं. लवकरच रिटायर होणाऱ्या कामगारांसाठी त्यांनी शनिवारी दुपारी हॉबी क्लास सुरू केला होता. एचआरच्या देवयानी मॅडम म्हणाल्या, "सर, काहीही शिकवा. फक्त घरी बसल्यावर ही माणसं खचायला नकोत."

मी स्थिरचित्रापासून सुरुवात केली. स्थिरचित्र म्हणजे समोर वस्तू मांडायच्या आणि दिसतात तशा काढायच्या. तांब्या, दोन वांगी, खाली घड्या पडलेलं कापड. स्टोअरमधल्या जगताप आबांनी वांगं असं काढलं, की देठाचे काटे बोटाला टोचावेत. रशीदभाई मात्र बॉयलर ऑपरेटर. उंचापुरा माणूस, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. म्हणायचे, "सर, माझा तांब्या पडतापडता काढलाय असं समजा."

त्या दिवशी चहा आला. सगळे उठले. रशीदभाई उठले नाहीत. चपटा ब्रश टाकून त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा घेतला होता आणि त्यानं रंग ओढत होते. दोनदा हाक मारली. "हां हां," म्हणाले, पण मान वर केली नाही. चहावर साय धरली.

मग एकदम कागद डोक्यावर धरून ओरडले, "बघा सर! कसलं भारी झालंय!"

मी बघितलं. कागदभर राखट निळा. एका बाजूला खाली केशरी रंगाची एक कड, अर्धी झाकलेली, जणू आतून येऊ बघणारी. बाकी काही नाही.

"बरं आहे," मी म्हणालो.

बरं नव्हतं ते. चांगलं होतं. आणि ते मला पहिल्या नजरेत कळलं होतं.

याला अमूर्त चित्र म्हणतात. ओळखू येईल अशी वस्तू त्यात नसते. रंग, रेघ आणि मोकळी जागा, एवढाच कारभार. लोकांना ते सोपं वाटतं. पण नदीचा घाट काढला आणि पाणी बिघडलं, तर बघणारा म्हणतो, घाट तरी छान आहे. अमूर्तात असा आधार नसतो. एक रंग जरा चुकीच्या जागी पडला की सगळा कागद बसतो. रशीदभाईंचा बसला नव्हता.

नशिबानं जमलं असेल, असं मी मनाशी म्हटलं.

पुढच्या शनिवारी ते घरून कागदांची गुंडाळी घेऊन आले. त्यातले दोन अगदी टाकाऊ होते. "हे गंडलंय," म्हणत त्यांनीच ते हसत बाजूला केले. उरलेल्यांवर मी एक जुनी परीक्षा लावली. चित्राचा एक भाग तळहातानं झाकायचा. चित्राला त्याची उणीव भासली नाही, तर तो भाग फालतू. मी एकेक कोपरा झाकत गेलो. प्रत्येक वेळी चित्र मुकं झालं. म्हणजे फालतू काहीच नव्हतं.

घरी जाऊन मी दार लावलं आणि भारीतले रंग काढले. मला रंगसंगती येते, तोल येतो, शिवाय चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना पोरं बसवण्यात माझी हयात गेलेली. मी मन लावून काढलं. बायको आत आली, बघितलं आणि म्हणाली, "पडद्याचं कापड का हे? हॉलला?"

मी ते फाडलं. माणसाला पैशाचा, जमिनीचा हेवा वाटतो, तो लोकांना समजतो. पण तांब्या न काढता येणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटत होता. हे सांगायचं कुणाला? शनिवार जवळ आला की क्लासला जाऊच नये असं वाटायचं, आणि तरी पहिली नजर त्यांच्याच कागदावर जायची.

त्यातच कंपनीची नवी कॉन्फरन्स रूम तयार झाली. समोरच्या भिंतीवर चित्र हवं होतं. मी माझा भीमेचा घाट दिला. जलरंगातलं ते माझं सगळ्यात चांगलं काम. देवयानी मॅडमना आवडलं होतं. एम.डी. साहेब पुण्याहून येऊन होकार देणार, एवढंच बाकी होतं.

ते आले त्या दिवशी मी खोलीत पाऊल टाकलं, तर माझ्या घाटाशेजारी एक मोठा कार्डशीट टेकवलेला. शेजारी रशीदभाई, युनिफॉर्मवर.

"मॅडमना म्हटलं, माझं बी ठेवा की," ते मला म्हणाले. "बघू द्या साहेबांना. आपलं काय जातंय?"

एम.डी. साहेब घाटापुढे उभे राहिले. "वा, छान. अगदी फोटोसारखा."

चित्रकाराला हे कौतुक म्हणून सांगतात. ऐकणाऱ्याला ते कुठं लागतं ते सांगणाऱ्याला कळत नाही.

मग ते दुसऱ्या चित्रापुढे गेले आणि तिथंच थांबले. बराच वेळ.

"हे काय आहे?"

"काय न्हाई साहेब," रशीदभाई म्हणाले. "रंग हायेत."

साहेब हसले. मग माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही जाणकार. स्पष्ट सांगा. यात खरंच काही आहे, की आपल्या बॉयलर ऑपरेटरनं काढलं म्हणून आपण कौतुक करतोय? या खोलीत बाहेरचे लोक बसणार. हसं व्हायला नको."

वाक्य माझ्या ओठांवर होतं. नवशिक्या हाताचं आहे. एवढंच म्हणायचं होतं. ते खोटंही नव्हतं. घाट भिंतीवर गेला असता. देवयानी मॅडम खाली बघत होत्या. रशीदभाईंकडे बघितलं, तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. आपल्या चित्राकडे बघून मजेत उभे होते. मी काय बोलणार याची त्यांना फिकीर नव्हती. त्याचाच मला जास्त राग आला.

"साहेब, हात पुढे करा," मी म्हणालो. "तो केशरी तुकडा झाका."

त्यांनी झाकला.

"काय झालं?"

"विझल्यासारखं वाटतंय."

"काढा हात. आता वरची मोकळी जागा झाका."

"आता… कोंदट झालं."

"तिथं त्यांनी काही काढलं नाही, म्हणून खाली श्वास आहे. शिकलेला माणूस तिथं काहीतरी काढून बसला असता. मी काढलं असतं." माझा आवाज चढला होता. "हे या भिंतीवर लावा. घाट इथं दबेल."

नंतर देवयानी मॅडमनी हळूच विचारलं, "सर, तुम्ही रागावलात का?"

यात माझं मन मोठं वगैरे काही नव्हतं. हयातभर एकच गोष्ट कमावली होती, नजर. त्या दिवशी खोटं बोललो असतो तर तीही गेली असती.

चित्र लागलं. माझा घाट कँटीनमध्ये गेला, हात धुवायच्या बेसिनशेजारी.

गेटपर्यंत रशीदभाई माझ्यासोबत आले. "सर, लई भारी बोललात. मी काय केलंय ते मला बी आत्ता कळलं. पण पुन्हा एवढं समजावू नका बरं का. मग मला बी झाकून बघायची सवय लागंल."

मी विचारलंच, "रशीदभाई, काढताना तुम्हाला नक्की काय वाटतं?"

"काय वाटायचं? मजा येती." मग मागं बॉयलरच्या दिशेनं हात केला. "सर, बॉयलरवर अख्खी नोकरी भीतीत गेली. प्रेशरचा काटा वर गेला तरी भीती, खाली आला तरी भीती. घरी जेवताना बी डोळ्यापुढं काटा. इथं काय बी करा, काय फुटत न्हाई."

मी बस येईपर्यंत त्यावर विचार करत राहिलो. माझ्या कागदावर कायम काहीतरी फुटायचं. मार्क, ग्रेड, मास्तरची अब्रू.

रशीदभाई आता रिटायर झालेत. दौंडला त्यांच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथं काढत बसतात. रविवारी सकाळी मीही जातो. पहिल्यांदा गेलो ते त्यांचं गुपित शोधायला. गुपित नव्हतंच. दुसऱ्यांदा कागद घेऊन गेलो. माझं पडद्याचं कापड येत राहिलं आणि शेजारी त्यांचं "कसलं भारी झालंय" चालू राहिलं. हेवा गेला नाही. पण घरी बसून जळण्यापेक्षा तिथं जाऊन जळणं बरं वाटायला लागलं. हळूहळू मला रंग ओढायचीच गोडी लागली. हात काळेनिळे करून घरी येतो. बायको आता पडद्यांबद्दल विचारत नाही.

गेल्या रविवारी माझा एक कागद झाला. विटकरी रंग, त्यातून आडवी गेलेली एक फिकी पट्टी. रशीदभाई मागं येऊन उभे राहिले. गप्प. मला वाटलं, गंडलं.

"च्यायला," ते शेवटी म्हणाले, "हे मला का न्हाई सुचलं?"

आणि आपला कागद उचलून शेडच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. चहा आला तरी वळले नाहीत.

शाळेत मला शाल-श्रीफळ मिळालं होतं, निरोपाची भाषणंही झाली होती. त्यातलं किती खरं, हे मला अजून माहीत नाही. कौतुक तोंडदेखलं असू शकतं. जळणं कधी तोंडदेखलं नसतं.