भिकाऱ्यांच्या पंगतीत वेनान्स कुलासो

वेनान्स कुलासोने माशांवर पुस्तक लिहिलं, तेव्हा आख्ख्या आसोळण्यात सगळ्यात जास्त हसलो असेन तो मी. या माणसासमोर बांगडा आणि तारली ठेवली तर मोठा तो बांगडा, एवढंच त्याला सांगता येईल. विशीत लिस्बनला गेला, तिथे एका खाणावळीत जन्मभर बशा पुसल्या आणि म्हातारपणी टोकदार दाढी घेऊन परत आला. गावभर सांगत सुटला, "मी तिथे किचनमध्ये होतो." खोटं नाही म्हणा. बशाही किचनमध्येच असतात.

मी बोस्तियांव, शिंपी. गाव मला मेस्ता म्हणतं. चर्चच्या समोर माझं दुकान. वेनान्सच्या लग्नाचा कोट मीच शिवलाय, खांद्यांत कापूस भरून. तेव्हापासून त्याची मापं मला ठाऊक आहेत.

पुस्तक मात्र देखणं आहे, उगाच कशाला खोटं बोलू. जाड गुळगुळीत कागद, निळ्या नक्षीच्या फरशीवर ठेवलेले भरले मासे, व्हिनेगरमधली कोळंबी, आणि कालवांचं एक पान तर असं की बघताच तोंडाला पाणी सुटावं. पाककृती दुसऱ्या कोणी सांगितल्या, फोटो तिसऱ्याने काढले. याची दाढी तेवढी मागच्या पानावर. गावात ज्याच्या त्याच्या घरी ते शोकेसमध्ये उभं आहे, सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीला टेकून. माझ्या दुकानातही एक होतं. कपडे न्यायला आलेल्या बायका ते चाळायच्या, कालवांच्या पानाशी आल्या की सुस्कारा सोडायच्या आणि घरी जाऊन रोजचीच माशांची कढी करायच्या. पानापानावर 'आमचा पोर्तुगीज वारसा'. अरे बाबा, पोर्तुगीजांनी मिरची आणली, कबूल. व्हिनेगरही शिकवलं असेल. मासे तरी समुद्रात आधीपासून होते ना?

तेही चाललं असतं. पण सुरुवातीलाच याने लिहिलंय, 'माझी आई दोना आंजेला चांदीच्या डावाने सूप वाढत असे.' दोना म्हणे, जशी कोणी बाईसाहेबच. आमची आंजेलिन ती. मे महिन्यात बांगडे चिरून मीठ भरायची, वाळूवर वाळवायची आणि टोपली डोक्यावर घेऊन दारोदार विकायची. पावसात होड्या बंद झाल्या की सगळा वाडा तिच्याच खाऱ्या बांगड्यावर जगायचा. निखाऱ्यावर भाजलेला एक तुकडा आणि वाटीभर पेज, यावर हा वेनान्स वाढला. चांदी त्या घरात होती ती फक्त बांगड्याच्या पोटाला.

वेनान्स आणि त्याची बायको लिस्बनला, म्हणून त्यांची मुलगी लुर्दीन इथे आजीजवळच वाढली. आजीला शमाय, शमाय अशा हाका मारत त्या टोपलीमागे फिरायची. आंजेलिन गेली तेव्हा वेनान्सला रजा मिळाली नाही. पोरीने एकटीने सगळं केलं.

आता लुर्दीनचं लग्न ठरलं. लग्नाआधी घरातल्या मेलेल्यांच्या नावाने भिकाऱ्यांना जेवण घालायचं, ही आमची रीत. खरे भिकारी हल्ली येत नाहीत, त्यांना मडगावात बरं मिळतं. मग वाड्यावरचे म्हातारे बसवतात. त्यात सगळ्यात म्हातारा असेल त्याने मेलेल्याच्या जागी बसायचं, पानात काय कमी आहे ते मागायचं, आणि ते मिळालं की 'जेवली' म्हणून सांगायचं. तो मान यंदा माझा.

लुर्दीन झग्याचं माप द्यायला आली होती. टाचण्या लावताना माझ्या लक्षात आलं, पोरगी रडतेय.

"घट्ट झालं का ग बाय?"

"नाही मेस्ता. पापाला मी एकच मागितलं. शमायच्या जेवणात खारा बांगडा ठेव. ती दुसरं काही खायचीच नाही. तर म्हणतो, वास येतो. पणजीहून पुस्तकाची माणसं येणार आहेत, नव्या आवृत्तीत आपली रीत छापायची आहे."

"मग करतोय काय?"

"पुस्तकातलं पान नंबर चाळीस." तिने डोळे पुसले. "शमाय उपाशी राहिली तर मी कुठल्या तोंडाने लग्नाला उभी राहू?"

मी म्हटलं, "बघू." माझ्यासारख्या शिंप्याच्या हातात दुसरं काय होतं?

जेवणाच्या दिवशी मी माझा काळा कोट घालून गेलो. ओसरीवर चटया घातलेल्या, कॅमेरा तीन पायांवर उभा, त्याच्यामागे पणजीची माणसं. वेनान्स धावतच आला.

"मेस्ता, कोट काढ ना. भिकारी दिसायला हवास."

"तुझा कोट मी शिवला तेव्हा तू साहेब दिसायला हवा होतास," मी म्हटलं. "तेव्हा मी काही बोललो का?"

बसलो तसाच, कोटासकट. पान नंबर चाळीस आलं. वाइनमध्ये शिजवलेले मासे, बटाट्याच्या चकत्या, वर एक हिरवी डहाळी. चवीला वाईट नव्हतं. शेजारचा म्हातारा कायतान तर वाटी चाटत होता, त्याला कुठलीही आंजेलिन चालली असती. सगळ्यांचं झाल्यावर वेनान्स कॅमेऱ्याकडे तोंड करून मला म्हणाला, "सांग मेस्ता, माझी आई जेवली?"

"नाही," मी म्हटलं. "खारा बांगडा हवाय तिला."

वेनान्सचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. "तसलं काही घरात नाही."

"आहे," लुर्दीन दारातून म्हणाली. "शमायच्या मडक्यात मी मे महिन्यात भरलेत. तुला वास येईल म्हणून न्हाणीच्या मागे ठेवलेत."

बापाकडे न बघता ती गेली. नारळाच्या सोडणांवर तिने बांगडा भाजायला घेतला आणि तो वास ओसरीवर आला. आम्हा म्हाताऱ्यांच्या माना वर झाल्या. आंजेलिन कोपऱ्यावरून हाक मारत येतेय असं मला वाटलं. पणजीच्या बाईने नाकाला रुमाल लावला. पण तो फोटोवाला म्हणाला, "वा, हे तुमच्या पुस्तकात कसं नाही?"

झालं. वेनान्सने जी कोलांटी मारली ती सर्कशीत कोणी मारणार नाही. "हो तर, ही आमच्या आईची खासियत," तो म्हणाला. "लिस्बनलाही असंच भाजतात." लुर्दीन बांगडा घेऊन आली तशी त्याने तो तिच्या हातातून घेतला, निळ्या बशीत मांडला, लिंबाची फोड ठेवली, डहाळी ठेवली. मी हात पुढे केला तर म्हणतो, "थांब मेस्ता, हात लावू नकोस. उजेड नीट येऊ दे."

आई पानावर उपाशी बसलीय आणि हा उजेड बघतोय. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात मी खूप माणसं मोजली, इतक्या कमी कापडाचा माणूस पाहिला नाही.

लुर्दीनने दोन बोटांनी तो बांगडा कॅमेऱ्यासमोरून उचलला. डहाळी खाली पडली, लिंबू घरंगळलं. तिने तो माझ्या पानात ठेवला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

बांगडा एका बाजूने करपला होता आणि मीठ जास्त झालं होतं. मी काट्यापर्यंत खाल्ला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवली ग बाय तुझी शमाय. पोट भरून जेवली. जा आता, सुखाने संसार कर."

पोरीने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती मोठ्याने रडली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात. कायतानने कपाळा-छातीवर बोटांनी क्रूस काढला.

तेवढ्यात वेनान्स माझ्या कानाशी वाकला.

"मेस्ता, परत एकदा म्हणशील? फोटोवाला तयार नव्हता."