मिरचीची मंडळी

शवागारात प्रेतं धुणाऱ्या त्या बाईला सगळं हॉस्पिटल मिरची म्हणायचं. नाव तिनं स्वतःच्या जिभेनं कमावलं होतं. नवऱ्यानं टाकलं, माहेरच्यांनी दार लावून घेतलं, तेव्हापासून तिला कुणाशी गोड बोलायची गरजच वाटली नव्हती.

एकदा रस्त्यात मेलेल्या एका बेवारशी म्हाताऱ्याला न्यायला चर्चचे पाळक आले.

"तुमचा कोण हा?" तिनं विचारलं.

"भाऊ," म्हणत पाळकांनी त्या थंडगार कपाळावर हात ठेवला.

"थापा मारू नका."

"मग तुम्हीच सांगा, ह्याला कुणाचा म्हणायचं?"

ते काही तिच्या डोक्यातून जाईना. रविवारी ती चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसली. मग जातच राहिली. प्रार्थना करायला शिकली. त्यातही निम्मा वेळ देवाशी भांडणच. पुढे तिनं बाप्तिस्मा घेतला.

उपासनेत शेजाऱ्याचा हात हातात घेऊन 'तुम्हाला शांती असो' म्हणायचं असे. तिच्यापाशी आलं की कुणी पर्समध्ये काहीतरी शोधू लागे, कुणी बाळाचं टोपडं सारखं करी. आपण नवीन आहोत, होईल ओळख, असं ती मनाला समजावत राहिली. पण बाप्तिस्म्यानंतरच्या रविवारी चर्चच्या मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपुढे तिनं हात केला, तर त्यांनी आपला हात खिशात घातला.

मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाहेर काढा तो हात!"

पंचांनी तो खिशात आणखी खोल खुपसला.

"तुमच्या आईला ह्याच हातांनी आंघोळ घातली मी! पोटच्या पोरीसारखे केस विंचरले तिचे. मेलेल्याला चालतात हे हात, जिवंताला बाटवतात होय?"

"ताई, शांत व्हा. देवाचं घर आहे हे," पाळक म्हणाले.

"देवाचं असतं तर गप्प बसले असते. हे ह्यांचं आहे!" आणि ती तरातरा निघून गेली.

पुढचे कित्येक रविवार ती घरात भांडी आपटत बसली. पाळक आले, तिनं दार उघडलं नाही. मग एका दुपारी काठी आपटत म्हातारी सुईण थेट शवागारात शिरली. मंडळीतल्या निम्म्या लोकांना तिनंच जगात आणलं होतं; सगळे तिला मावशी म्हणत.

"समजतेस काय गं तू स्वतःला?"

"मी? अहो मावशी, अपमान माझा झाला!"

"झाला ना? मग पळालीस कशाला? बाळंतिणींच्या रक्तात हात घालते म्हणून माझ्या हातचं पाणी प्यायचे नाहीत हे. आयुष्यभर एकटी भांडले. आता कुठे जोडीला कुणी मिळालं, तर ती रुसून घरी!"

"मला नाही त्यांची गरज."

"मला तुझी आहे. त्याचं काय करू?"

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याचाही तिला रागच आला. डोळे पुसायला हातमोजे काढावे लागले, त्याचा आणखी राग आला.

रविवारी दोघी पंचांच्या शेजारी जाऊन बसल्या. शांतीची वेळ आली तशी मावशी म्हणाली, "आधी हिचा हात धरा." पंच जागचे हलेनात. उपासना खोळंबली. या वेळी पाळकांनी कुणाला शांत व्हा म्हटलं नाही. ते खाली आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मिरचीचा हात धरला. मग पंचांनी दोन बोटं पुढे केली.

"अख्खा हात," मावशी म्हणाली.

दिला त्यांनी.

हे बघून दोन कुटुंबं त्या दिवशी उठून गेली, ती परत आली नाहीत. मिरचीनं त्यांना माफ केलं नाही, आणि तसं ती प्रार्थनेत देवाला रोखठोक सांगत असे. बाकीचे मात्र हळूहळू तिच्या बाकावर सरकून बसू लागले. ती तापानं फणफणली तेव्हा पाळीपाळीनं उशाशी बसले. तेव्हाही तिनं त्यांना शिव्या घातल्याच.

मावशी वारली त्या सकाळी शवागाराचं दार ढकलून मंडळीतल्या बायका आत आल्या. पंचांची बायको सगळ्यात पुढे, बाह्या सारलेल्या.

"मावशीला आम्ही पण धुणार."

"हळू!" मिरची कडाडली. "फरशी घासताय का? आधी मान धरा तिची. आणि रडायचं असेल तर बाजूला व्हा."

कुणीही बाजूला झालं नाही. पंचांच्या बायकोनं मान धरली, आणि मिरचीनं पाणी ओतलं.