गळ्याशी जाणारा हात

आमच्याकडे स्फोटाचा आवाज ओळखायला कुणी शिकवत नाही. औद्योगिक वसाहतीत कुठेतरी काहीतरी फुटतं, बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या खोलीच्या खिडकीच्या काचा थरथरतात आणि इमारतीतल्या बायका एकदम गॅलरीत येतात. प्रत्येकीचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेलेला असतो. धूर कुठल्या बाजूला आहे, नवरा कुठल्या पाळीला आहे, एवढं कळेपर्यंत तो हात तिथून हलत नाही.

आईही अशीच उभी राहायची. बाबा एका कारखान्यात फिटर होते. दर वेळी त्यांचा फोन यायचा, "मी बरा हाय, भात लाव." आणि गेले ते कारखान्यात नाहीच, घरीच, चहा पिता पिता हृदय बंद पडून. साताऱ्याकडच्या आमच्या गावी नेल्यावर बायकांनी आईचं मंगळसूत्र उतरवलं. मी भांडले. माझं कुणी ऐकलं नाही आणि आईनेही मला हातानेच गप्प केलं.

त्यानंतर पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा मी घरीच होते. आई गॅलरीत धावली. हात सवयीने वर गेला, गळ्यावर चाचपडला आणि रिकामाच खाली आला. तो तिने पदराला पुसला. मला ते बघवलं नाही. बारशाला, हळदीला जाणं तिने सोडलं होतं, ते मी समजून घेत होते. पण भीती वाटली तर धरायलाही काही नसावं, हे मला सहन होईना.

साधी चेन घेऊ म्हटलं तर म्हणाली, "आता कुणासाठी नटू?"

"मी केलेली घालशील?"

"तू? तुला सुईत दोरा ओवता येत न्हाई. कर तर आधी."

मी याच वसाहतीतल्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एक बाई दिसली होती, कडीत कडी अडकवून साखळी विणणारी. जुन्या लढायांतलं चिलखत याच विणीचं असायचं, असं ती सांगत होती. मला ते पटलं. आईला दागिना नको होता, पण चिलखत चाललं असतं.

बाबांच्या हत्यारांच्या पिशवीतून त्यांची पक्कड, कटर आणि एक स्क्रूड्रायव्हर काढला. बोईसर स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅल्युमिनियमची तार आणि एक निमुळत्या तोंडाचा नोज प्लायर आणला. "क्या बाँधने का है?" दुकानदाराने विचारलं. मी पैसे दिले आणि तार पिशवीत टाकली.

स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर तार गच्च गुंडाळायची, स्प्रिंगसारखं वेटोळं झालं की कटरने एकेक वेढा तोडायचा, झाली कडी. ऐकायला सोपं आहे. सुरुवातीला मी कड्या दोन्ही बाजूंना ओढून फाकवल्या आणि त्या पुन्हा कधी गोल झाल्याच नाहीत. कडी अशी ओढायची नसते. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, अशी वळवून उघडायची आणि तशीच उलट वळवून मिटायची. बाबांच्या पकडीचे दाते तारेवर उमटत होते, म्हणून त्यांच्याच पिशवीतली काळी टेप तिच्या जबड्याला गुंडाळली. कितीतरी संध्याकाळी बोटं सुजली आणि तोंडाला येईल ते मी बोलले. आई भाजी निवडता निवडता ऐकत होती. एकदा म्हणाली, "तुझ्या बापाची पक्कड हाय ती. तिला शिव्यांची सवय हाय." आम्ही दोघी हसलो.

साखळी झाली. "माप तरी बघू," म्हणून मी ती आईच्या गळ्यात घातली आणि आई तशीच ओट्यापाशी भाकऱ्या करायला गेली. उकाडा मरणाचा होता. काढली तेव्हा गळ्याभोवती काळी रेघ उमटली होती. नव्या अ‍ॅल्युमिनियमचा काळेपणा घामाने सुटतो, साखळी आधी साबणाने धुऊन घ्यायची असते, हे मला ठाऊकच नव्हतं. रेघ नेमकी तिथे होती, जिथे इतकी वर्षं काळे मणी होते.

आई आरशासमोर उभी राहिली. मी ओला टॉवेल घेऊन धावले.

"थांब जरा," ती म्हणाली. रेघेवरून तिने हळूच बोट फिरवलं. "हितंच असायचं."

मग ती रडली. बाबा गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा. मी टॉवेल धरून नुसती उभी राहिले. वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं.

नंतर मी स्टीलची तार आणली. ती भलती हट्टी, बोटांची सालं निघाली. पण या वेळी साखळी साबणाच्या पाण्यात, घासली जावी म्हणून बरणीत तांदळाबरोबर हलवून हलवून धुतली, पांढऱ्या रुमालावर घासून पाहिली आणि मगच आईला दिली. तिने घातली, पण ब्लाउजच्या आत, वरून पदर घट्ट ओढून. "बायका म्हणतील, नवरा गेला न् हिला हौस सुचली."

मध्यंतरी एका दुपारी पुन्हा आवाज झाला. या वेळी मी कामावर होते. स्फोट आमच्या शेजारच्याच कारखान्यात झाला होता. भोंगा वाजला, सगळ्यांना गेटबाहेर काढलं. फोन लागत नव्हता, रिक्षा मिळत नव्हत्या. मी चालतच निघाले, आणि रस्ताभर डोळ्यांसमोर आईचा तो रिकामा हात होता.

इमारतीच्या फाटकाशी सगळ्या बायका जमल्या होत्या. आई सर्वांत पुढे. खालच्या मजल्यावरची, इकडच्याच गावची काकी मला बघून ओरडली, "आली गं बाय! कवापासून उभी हाय तुजी आई. आमी बोलवतो तर हलत नाय."

आईचा पदर खांद्यावरून सरकला होता. साखळी बाहेर आली होती, सगळ्यांना दिसत होती, आणि तिच्या मुठीत होती.

माझ्या तोंडून बाबांचंच वाक्य गेलं. "मी बरी हाय, आई. भात लाव."

तिने दुसऱ्या हाताने माझा दंड पकडला. मूठ सैल झाली तेव्हा तळहातावर कड्यांचे ठसे उमटलेले होते. घरात जाताना पदर तिने नीट केला, पण साखळी आत घातली नाही.