यादीत नसलेली माझी जाऊ

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रोज संध्याकाळी नातीच्या मोबाईलवर तालुक्यातल्या कोरोना मृत्यूंची गाववार यादी यायची. ती वाचायची आणि मी आपल्या गावाचा आकडा कॅलेंडरवर लिहायची.

माझी जाऊ ताप अन् धाप लागून घरातच गेली, त्या दिवशी गावापुढे मृत्यू शून्य होते. म्हटलं, उद्या येईल. उद्याही शून्यच. मग मी ग्रामपंचायतीत जाऊन तिथल्या बाबूला विचारलं, "काऊन गा, माही जाऊ यादीत नाही?"

"आजी, तिची टेस्टच झाली नव्हती. टेस्टबिगर मोजता येत नाही."

"टेस्टवाले गावात आलेच नाही. तिनं सोताच नाकात काडी घालाची होती का? अरे, रोवण्याच्या दिवसात धानाच्या बांधीत एक बाई कमी दिसली तर आम्ही चिखलातून निघून तिच्या घरी पाहाले जातो. तुम्ही तर दारातही आले नाही."

राशनकार्डावरून मात्र तिचं नाव त्याच आठवड्यात कापलं. त्याला कोणती टेस्ट लागली नाही.

घरी येऊन मी कॅलेंडरवरचं ती गेली त्या दिवसाचं शून्य खोडलं, तिथं एक लिहिला. वर्ष सरलं, पण ते पान मी अजून फाडलं नाही.